दोनदा भरलेलं भाडं

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात मी दिसलो, की बोरकरकाका आधी आईबद्दल सांगायचे. "गुडघे फार सुजलेत त्यांचे. या वेळी दोन दिवस राहून जा जी." दावा मीच त्यांच्यावर चालवत होतो, आणि माझ्या आईची खबर मला त्यांच्याकडून कळत होती.

हिंदी मुलखातल्या शहरात, सोनागिरी वस्तीतल्या आमच्या घरात आई वर राहायची, खाली भाड्याने काका. मूळचे अमरावतीकडचे, एका लहान कारखान्यात फिटर. कारखाना बंद पडला आणि सात महिन्यांचं भाडं थकलं. आईची काही तक्रार नव्हती. मी पुण्यात नोकरीला. मला वाटलं, हा माणूस आता घर बळकावणार. आईची सही घेऊन मी थकबाकीचा आणि घर खाली करून घेण्याचा दावा लावला.

तोवर काकांना दुसरं काम मिळालं होतं. हुकमाप्रमाणे ते दर महिन्याचं भाडं कोर्टात जमा करू लागले. "ते उचलू नका, दावा ढिला पडेल," असं आमच्या वकिलांनी बजावलं. मी ऐकलं. आईचा खर्च त्याच भाड्यावर चालायचा, हे मला ठाऊक होतं. मी पुण्याहून थोडे पैसे पाठवायचो आणि ते पुरतात असं धरून चालायचो.

चार वर्षं नुसत्या तारखा पडल्या. कधी न्यायाधीश रजेवर, कधी वकिलांचा संप. काका इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच हजर. पुढची तारीख मिळाली की पिशवी उचलत म्हणायचे, "चला, आजचा दिवस गेला." आवाजात राग नसे. त्यांची त्या दिवसाची मजुरी मात्र बुडालेली असे.

शेवटी आईची साक्ष निघाली. काकांच्या वकिलांनी सहज विचारावं तसं विचारलं, "अम्माजी, किराया मिल रहा है?"

"मिलता है ना," आई म्हणाली. "हर महीने. बोरकर हाथ में देते हैं."

दोन्ही वकील एकमेकांकडे बघत राहिले. काकांनी मान खाली घातली. कोर्टात भरायचे ते भरून तेवढेच पैसे ते आईलाही देत होते, पावतीशिवाय. त्यासाठी रविवारीही कामाला जायचे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, कोर्टात सांगितलं का नाही?"

"आई म्हणाल्या, सतीशला कळलं तर वाईट वाटेल त्याला. मग कसं सांगू जी?"

थकबाकी वळती करून जादा भरलेली रक्कम परत करायचा हुकूम झाला. पैसे घेऊन मी खाली गेलो. ते नको म्हणतील, अशी मला कुठेतरी आशा होती. काकांनी दोनदा मोजले आणि खिशात ठेवले. "लागतात मला," म्हणाले.

"आता इथेच राहा, काका. भाडं जुनंच."

ते म्हणाले, "नाही जी. थकलो. तुमचा ऑटो फाटकाशी थांबला, की अजून हात इस्त्रीच्या शर्टाकडे जातो."

पुढच्या महिन्यात ते अशोका गार्डन वस्तीतल्या एका खोलीत राहायला गेले. आई होती तोवर दर आठवड्याला तिला भेटायला यायचे. मी आलेलो आहे असं कळलं, की त्या आठवड्यात येत नसत.