परतीचा कोन

मी बारावीत असताना बाबांची चेन्नईजवळच्या ओरगडमच्या मोटार कारखान्यात बदली झाली आणि नाशिक सोडून मी चेन्नईतल्या पेरुंगुडी भागात एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर अडकले. शाळा, शिकवणी, लिफ्ट, घर. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिकवणीच्या बाई तंजावरकडच्या मराठी घरातल्या होत्या, पण गणितात त्यांना दयामाया नव्हती. दीडशे अंशांचा साइन अर्धा येतो, म्हणून अर्ध्याचा साइन इन्व्हर्स, म्हणजे अर्ध्यावरून परत काढायचा कोन, मी दरवेळी दीडशेच लिहायची. बाई काट मारून तीस लिहायच्या.

"पण मी दीडशेवरूनच निघाले होते ना!" एकदा मी चिडलेच.

"तू कुठून निघालीस ते इन्व्हर्सला ठाऊक नसतं," बाई म्हणाल्या. "तीसचाही साइन अर्धाच येतो. परतीचं उत्तर उणे नव्वद ते नव्वदमध्येच. त्याबाहेर जायचं नाही."

मला ही शुद्ध दादागिरी वाटली.

दिवाळीत नाशिकला गेले. मैत्रिणींच्या गप्पांतली निम्मी नावं मला माहीत नव्हती. मी आल्याचा त्यांना आनंद झाला, पण पाहुणी आल्यावर होतो तसा. फराळाची बशीही त्यांनी मलाच आधी दिली.

चेन्नईला परतल्यावर पहिल्याच चाचणीत अर्ध्याचा साइन इन्व्हर्स मी मुकाट्याने तीस लिहिला.