दुर्बिणीची नेत्रतपासणी

वसतिगृहाच्या धुलाईखान्यात तिला सगळे दुर्बीण म्हणत. हे नाव सव्वीस वर्षांपूर्वी तिथल्या मुकादमाने ठेवलं, कारण पांढऱ्या चादरीवरचा मोहरीएवढा डाग ती चार पावलांवरून हेरायची आणि डाग राहू देणाऱ्या बाईचा उद्धारही तिथूनच करायची. गेली तीन वर्षं तिला डाग दिसत नव्हते. डाग सोडा, चादरच धड दिसत नव्हती. डोळ्यांपुढे सदा वाफ धरल्यासारखी असायची, आणि ही वाफ आता हटणार नाही असं डॉक्टरने दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा ऐकायला ती गेली नाही.

तरी चादरी तपासायची नोकरी टिकली, ती भावजयीमुळे. मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. दोघी समोरासमोर उभ्या राहून टोकं धरतात, ताणतात आणि एकमेकींकडे चालत येतात. समोर भावजय असायची. चादरीवर डाग असला की ती आपल्या टोकाला एक हिसका द्यायची, चादर फाटलेली असली की दोन. एक हिसका आला की दुर्बीण चादर डावीकडच्या टोपलीत भिरकावायची आणि यंत्रावरच्या बायांना ऐकवायची की हे धुतलंय की पोतेरं केलंय. बायांना खरं काय ते ठाऊक होतं, पण त्या मूग गिळून होत्या. हिच्या जागी धडधाकट डोळ्यांची तपासनीस कुणाला हवी होती?

नोकरी होती म्हणून मागच्या आवारातली कामगारांची खोली होती. खोली दुर्बिणीच्या नावावर. तिथे ती, तिचा धाकटा भाऊ आणि भावजय राहत; इतक्या जुन्या कामगाराच्या खोलीत कोण कोण राहतं हे कुणी विचारत नसे. भाऊ काम शोधत होता, आणि हा शोध अकरा वर्षं चालू होता. भावजय हंगामी, कधीही घरी पाठवतील अशी. म्हणजे दुर्बिणीची नोकरी गेली की तिघंही रस्त्यावर, हे तिघांनाही पाठ होतं.

उन्हाळ्यात वसतिगृह रिकामं झालं की परदेशातून वीस-बावीस मुलंमुली पाच आठवड्यांच्या अभ्यासाला यायची. विषय होता कला, चळवळ आणि सामाजिक न्याय. सकाळी ती गोल करून बसत आणि पाळीपाळीने रडत. दुपारी अन्यायाविरुद्ध फलक रंगवत आणि रंगाचे हात चादरींना पुसत. तो रंग काढताना धुलाईखान्यातल्या बायांचे हात सोलून निघत. मुलं मात्र वाईट नव्हती. समोरून आलं की दोन्ही हात जोडायची, कचरासुद्धा विचारून टाकायची.

त्यातली एक, आखूड केसांची, वही घेऊन धुलाईखान्यात यायला लागली. बायांनी तिचं नाव टिपणवाली ठेवलं. ती इथली भाषा पुस्तकावरून शिकलेली, त्यामुळे साधं पाणी मागायचं तरी अर्ज केल्यासारखं बोलायची. उलट्या टोपलीवर बसून ती दुर्बिणीला विचारायची, तुम्हाला काय वाटतं, तुमचं स्वप्न काय होतं. सव्वीस वर्षांत कुणी तिला टोपल्या किती झाल्या यापलीकडे काही विचारलं नव्हतं. म्हातारी फुलली. चौथ्या दिवशी, भावजय इस्त्रीच्या बाजूला गेलेली असताना, टिपणवालीने विचारलं की चादरीला तुम्ही हे जे हिसके देता तो नाच आहे का?

हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण एवढी अक्कल त्या वेळी सुचली असती तर काय हवं होतं! तिला आपल्या कसबाचा अभिमान वाटला. तीन वर्षं व्यवस्थापकाला उल्लू बनवायचं, तेही तो रोज समोरून जात असताना, हे काय सोपं आहे? तिने सगळं सांगितलं. टिपणवाली मुसमुसली, तिचा हात धरला आणि शपथ घेतली की नाव कुठेही येणार नाही.

नाव आलं नाहीच. शेवटच्या आठवड्यात सभागृहात मुलांचा प्रयोग झाला. कामगारांना मागच्या खुर्च्या भरायला बोलावलं होतं, व्यवस्थापक पहिल्या रांगेत. सहा जण कागदाचे कोरे मुखवटे घालून आले आणि एक चादर ताणून तिला हिसके देऊ लागले. एक हिसका. दोन हिसके. मग एकीने सांगितलं, डोळे गेलेल्या बाईला तिच्या सोबतिणी अशा सांभाळतात, कारण ही संस्था तिला सांभाळत नाही. दुर्बिणीला दिसत काही नव्हतं. चादरीच्या फडफडीवरून यांना घडी घालता येत नाही एवढं तिला कळलं, आणि तेवढ्यात भावजयीची नखं तिच्या मनगटात रुतली.

"वन्सं, तुम्ही सांगितलंत?"

दुर्बिणीने मनगट सोडवून घेतलं नाही.

प्रयोगानंतर मुलांनी एकच मागणी मांडली. संस्थेने प्रत्येक कामगाराची नेत्रतपासणी करावी, ताबडतोब. व्यवस्थापक हसत मंचावर चढला आणि त्यांच्या फलकावर सही करून मोकळा झाला. मुलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. चळवळ जिंकली होती.

तिसऱ्या दिवशी तपासणीची गाडी आली. भावजयीने दोन दिवस घोकवून घेऊन तक्त्यावरच्या अक्षरांच्या ओळी तिच्याकडून पाठ करवल्या होत्या. दुर्बिणीने खुर्चीवर बसून पहिल्या दोन ओळी खणखणीत आवाजात म्हणून दाखवल्या. तपासणाऱ्याने सांगितलं की आजी, या तक्त्यावर अक्षरं नाहीत, चित्रं आहेत. दारात उभी असलेली मुलं कौतुकाने हसली. तिला खूप लाज वाटली, आयुष्यात वाटली नव्हती इतकी.

व्यवस्थापकाने दोघींना बोलावलं. आवाज चढवला नाही. न दिसणाऱ्या माणसाला तपासनीस ठेवता येत नाही, नियम आहे, असं म्हणाला. मग भावजयीकडे वळला. चादरीच्या दुसऱ्या टोकाला तूच होतीस ना? तुला माहीत होतं?

"नाही साहेब," भावजय म्हणाली. "मलाही त्यांनी फसवलं."

दुर्बिणीला ते तापलेल्या इस्त्रीसारखं लागलं. पहिलं वाक्य ठीक होतं, तेवढं दुर्बिणीने स्वतःच तिला बोलायला सांगितलं असतं. दुसऱ्याची काय गरज होती? खरं बोलायला तिचं तोंड उघडलंही. पण मग भावजयही गेली असती, खोली गेली असती, भाऊ गेला असता. तिने तोंड मिटलं. साहेबाने मान हलवली आणि तपासनिसाची जागा भावजयीला दिली, कायम. मागोमाग खोलीही तिच्या नावावर झाली.

निघायच्या दिवशी टिपणवालीला हे कळलं. ती रडली, संतापली, सह्यांची मोहीम काढू म्हणाली. पण विमानतळाची गाडी चार वाजताची होती. दुर्बिणीच्या गळ्यात पडून तिने विचारलं, तुमच्या हातांचा फोटो माझ्या अहवालात घातला तर चालेल का?

दुर्बीण म्हणाली, "घाल. निदान तू तरी पास हो."

कामगारांच्या खोलीत कामगार, नवरा आणि मुलं राहू शकतात. नणंद त्या यादीत नाही. भावजयीने पहिल्याच महिन्यात बजावलं की दिवसा बाहेर दिसायचं नाही, रखवालदार फिरतो तेव्हा खोकायचं नाही, आणि भांडी घासायची तर नळ बारीक सोडून. पूर्वी ती वन्संच्या ताटात आधी वाढायची. आता उरेल ते वाढायची, आणि दुर्बीण ते बोटांनी चाचपून खायची. भाऊ समोर बसून सगळं बघायचा. त्याची नजर अगदी चांगली होती.

पुढच्या उन्हाळ्यात नवी मुलं आली. त्यांच्या शिक्षिकेकडे एक पुस्तिका होती, आणि तिच्यात गेल्या वर्षीची नेत्रतपासणीची लढाई यश म्हणून छापलेली होती. शिक्षिकेला मुलांना त्या बाईची भेट घडवायची होती. एका दुपारी व्यवस्थापक स्वतः सगळ्यांना घेऊन भावजयीकडे तिची चौकशी करायला मागच्या आवारात आला.

दार वाजलं तशी भावजयीने वन्संना कपाटामागे ढकललं आणि भावाने आपला तळवा तिच्या तोंडावर दाबला. मग भावजयीने दार अर्धं उघडलं. त्या भाचीकडे गेल्या राहायला, असं ती म्हणाली. भाची कुठली आणि काय, दुर्बिणीला आपलं म्हणावं असं या दोघांशिवाय कुणी नव्हतं. शिक्षिकेने व्यवस्थापकाकरवी विचारलं, आता दिसतं का त्यांना?

"हो तर," भावजय म्हणाली. "मजेत आहेत. सुईसुद्धा ओवतात."

बाहेर टाळ्या झाल्या. दुर्बिणीला खोकला येत होता. भावाने तळवा आणखी घट्ट दाबला, नाकासकट, आणि मुलांचा फोटो काढून होईपर्यंत काढला नाही.