धरण सुरक्षित आहे, सही करा

धरण बांधायला सरकारकडे पैसा असतो. ते धड उभं आहे की नाही हे बघायला मात्र 'हेड', म्हणजे खर्च टाकायचं खातंच, नसतं! ऐंशी सालाच्या आसपास मी वर्ध्याला पाटबंधाऱ्याच्या एका ऑफिसात शाखा अभियंता होतो. तिथे दर पावसाळ्याला एक-दोन असे किस्से हमखास जमायचे. तेव्हा डोकं फिरायचं, आता सांगताना हसू येतं. एकाचं मात्र अजूनही येत नाही.

*

प्रत्येक तलावाची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी करायची, असं फर्मान आलं. सोबत अकरा पानांचा फॉर्म. जीपचं डिझेल, मजूर, यांचा खर्च कुठून करायचा, हे एकाही पानावर नव्हतं.

मी आमच्या हेडक्लार्कना, बडे बाबूंना विचारलं. ते विड्याचं पान जुळवत म्हणाले, "फारम आला ना साहेब? पैसे धाडाचे असते तं फारम काऊन धाडला असता!"

*

त्या फॉर्मात एक प्रश्न होता : पाण्याकडच्या बाजूचे दगड सरकलेत का? बघायला मी एका मासेमाराचा डोंगा भाड्याने घेतला. ऑडिटचं ऑब्जेक्शन आलं : "रस्त्याने जाणे शक्य असताना नौका का वापरली?"

मी वैतागून लिहिलं, "रस्ता पाण्याखाली आहे."

महिन्याभरात उलट पत्र : "रस्ता पाण्याखाली गेल्याचा अहवाल का पाठवला नाही?"

*

पाळीवरचं, म्हणजे धरणाच्या मातीच्या बांधावरचं, गवत कापल्याशिवाय भेगा दिसत नाहीत आणि कापायला ग्रँट नाही. मी डोकं चालवलं. गवताचा लिलाव केला. एका शेतकऱ्याने पैसे भरून गवत कापून नेलं, पाळ लख्ख झाली. पैसे खजिन्यात भरले आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

पत्र आलं : पुढच्या वर्षी गवतापासून दुप्पट उत्पन्न दाखवावे!

बडे बाबू म्हणाले, "आता पाळीले खत टाका साहेब."

*

केळझरकडे आमचा एक छोटा तलाव होता. चौकीदार सुखदेव. त्याचं सरकारी क्वार्टर पाळीच्या अगदी खाली, त्यात बायको आणि तीन लेकरं. पाळीच्या पायथ्याशी पाणी झिरपायचं. ते मोजायच्या साधनासाठी मी तीन वर्षं कागद पाठवत होतो. सुखदेव आपली घरची घागर लावायचा आणि ती भरेपर्यंत आकडे मोजायचा.

"साहेब, मांगच्या साली दोनशे मोजेलोक भरे. आता ऐंशीतच भरून राह्यली."

मी हे रिपोर्टात लिहिलं. उत्तर आलं : "घागर हे मान्य उपकरण नाही. सबब गळती निरंक समजावी."

तो बिचारा लेकरांच्या जिवासाठी पाणी मोजत होता आणि आम्ही निरंक लिहीत होतो. मला स्वतःचीच लाज वाटायची.

*

मग एका वर्षी पावसाळ्यानंतरच्या तपासणीला मोठे साहेब स्वतः आले. तलाव काठोकाठ भरलेला. झिरपणारं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं. ते गढूळ होतं. म्हणजे पाळीच्या आतली माती वाहून येत होती.

मी म्हटलं, "सर, असुरक्षित लिहू या."

"लिहिलं की दुरुस्ती करावी लागेल. पैसे कुठून आणू? तुमच्या खिशातून?"

आणि त्यांनी जीपच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून 'धरण सुरक्षित'वर सही ठोकली.

जेवणाची सोय क्वार्टरसमोरच्या निंबाखाली होती. सुखदेवच्या बायकोने सतरंजी अंथरली होती, भाकरी झाल्या होत्या. साहेबांनी एकदा मान वर करून पाळीकडे पाहिलं.

"पानं तिकडे टेकडीवर मांडा. वर हवा चांगली आहे."

सुखदेवने सतरंजी गुंडाळली, सगळं वर नेऊन दिलं आणि खाली गेला. आम्ही जेवायला बसलो. दोन घास खातो न खातो तोच तो पुन्हा वर येताना दिसला. डोक्यावर पत्र्याची पेटी, मागे बायको, तिच्या कडेवर धाकटं, आणि दोघं पोरं बकरीला ओढत.

"अरे, हे सगळं कशाला आणलंस?" साहेबांनी विचारलं.

सुखदेवने पेटी खाली ठेवली.

"जेवा साहेब, सावकाश जेवा. तुमी खाली उतरसान, तवा आमीबी उतरू."