दुभत्याच्या कपाटाचा पाय

मी लग्न होऊन सुदुंबऱ्याहून लोणावळ्याला गेले, तेव्हा आमच्या दोन खोल्यांत सासूबाईंची म्हणावी अशी एकच वस्तू होती. जाळीच्या दारांचं दुभत्याचं कपाट. गावी त्यांच्याकडे म्हैस होती, पण आमच्या घरचं दूध गावात कुणी विकत घेत नसे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, पुढे त्यांच्या मुलाला, म्हणजे ह्यांना, देहूरोडच्या डेपोत नोकरी लागली आणि त्या लोणावळ्यात आल्या. तिथल्या एका बंगल्यातलं जुनं सामान निघालं, त्यातून त्यांनी हे कपाट आणलं. घरात कुणी दारं जोरात लावली तरी त्यांना खपत नसे.

मुंग्या चढू नयेत म्हणून कपाटाचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत उभे असत. वाट्या भरून ठेवणं माझं काम. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे चार महिने काडेपेटीतली काडीही पेटत नाही, त्यात हे पाय बाराही महिने पाण्यात. लग्नानंतरच्या दुसऱ्या थंडीत वाट्या घासताना मला मागचा एक पाय काळा पडलेला दिसला. नख लावून पाहिलं तर ओल्या साबणात रुतावं तसं आत गेलं. मी गप्प वाटी भरली आणि पाय पुन्हा तिच्यात ठेवला. पाणी मीच घालत होते, तेव्हा बोल मलाच लागणार, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

वैशाखी पौर्णिमेला आमच्या चाळीतर्फे खीर वाटायची ठरली. कपाट आमच्याकडे, म्हणून सगळ्यांचं दूध आमच्याच घरी. आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघींनी ते तापवलं, निववलं आणि दोन मोठी पातेली वरच्या फळीवर ठेवली. मी तांदूळ निवडायला बसले. थोड्या वेळानं लाकूड मोडल्याचा आवाज आला. कपाट आधी भिंतीला टेकलं, मग घसरत आडवं झालं. दूध उंबऱ्यापर्यंत वाहत गेलं.

सासूबाई मोरीतून धावत आल्या.

"तुला लागलं का गं?"

"नाही."

"मग फडकं आन. चिकाट व्हायच्या आत पुसून काढू."

तेवढ्यात घरी आलेले हे म्हणाले, "आता सरबत वाटू या."

"खीर सांगितलीया, खीरच व्हईल," म्हणून सासूबाईंनी किटली उचलली आणि मला घेऊन बस थांबायची तिथे गेल्या. कार्ल्याची एक बाई संध्याकाळचं दूध घेऊन रोज त्या वेळच्या बसने उतरायची. सासूबाईंनी तिला सगळं सांगितलं.

"मावशी, हे हाटेलाचं हाय," ती म्हणाली. मग माझ्या दुधानं भिजलेल्या पदराकडे तिनं पाहिलं. "अर्धं न्या. हाटेलवाल्याला सांगते, म्हशीनं लाथ मारली."

ते दूध सकाळपर्यंत टिकवायचं होतं आणि कपाट तर मोडलेलं. सासूबाईंनी ते खळखळून उकळलं. गरम असताना वर ताट झाकू दिलं नाही, जाळीच ठेवली. वाफेचं पाणी परत दुधात पडलं की दूध लवकर नासतं, असं त्यांचं म्हणणं. मग पातेलं परातीतल्या गार पाण्यात ठेवून भोवती ओलं फडकं गुंडाळलं आणि खिडकीच्या वाऱ्याला ठेवलं. पहाटे पुन्हा उकळी आणली. खिरीत तांदूळ जास्त पडला, दूध कमी. लोकांनी वाट्या पुसून खाल्ली.

पौर्णिमा झाल्यावर शेजारच्या आबांना बोलावलं. त्यांचं आयुष्य लाकडी खोकी करण्यात गेलेलं. त्यांनी मोडका पाय हातात घेतला, बोटानं चुरला.

"ह्यो काय एका दिवसाचा कुजलेला न्हाई," ते म्हणाले.

मग मला राहवलं नाही. "मला थंडीतच दिसलं होतं. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही."

सासूबाईंनी खाली पडलेला चुरा हातानं गोळा केला.

"मला त्याच्या आदीच दिसलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुमी दोगं म्हनाल, टाकून द्या. म्हून मी बी न्हाई बोलले."

आबा हसले. मला हसू आलं नाही, रडू आलं. सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला आबांसाठी चहा ठेवायला सांगितलं.

बाकीचे तीन पायही तळाला कुजू लागले होते. आबांनी चारही पाय कुजक्या भागाच्या वर कापले आणि सागवानाचे तुकडे जोडले. "बाजूनं पानी लागलं तर लाकूड दम धरतं. पन खालनं, जितं कापलंय तितनं, ते पानी वडून घेतं." कपाट चांगलं आठ दिवस उन्हात सुकवलं, कारण ओल्या लाकडावर तेल लावलं तर ओल आतच कोंडते. मग पक्कं, म्हणजे उकळवलेलं, जवसाचं तेल पातळ हातानं, पायांच्या तळाला तर पीत राहील तितकं. प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. तेल लावायचे चिंध्यांचे बोळे मी गोळा करून चुलीजवळ टाकणार होते, तर आबा ओरडले, "पसरून वाळव! गोळा करून ठिवलं तर आपसूक पेटत्यात." फळ्यांना आतून तेलाचं बोट लावू दिलं नाही, दूध वास धरतं. त्या सोड्याच्या गरम पाण्यानं घासून उन्हात ठेवल्या. प्रत्येक वाटीत त्यांनी पाण्याच्या वर येईल असा दगडाचा चपटा तुकडा बसवला आणि त्यावर पाय. मुंग्यांना पाणी आडवं, लाकूड मात्र कोरडं.

सासूबाई रोज सकाळी दार उघडून आत नाक घालायच्या. "तेलाचा वास हाय अजून," म्हणून दूध बाहेरच ठेवायच्या. असे बारा-तेरा दिवस गेले. मग एका संध्याकाळी त्यांनी मला विरजणाची वाटी दिली आणि म्हणाल्या, "आज आत लाव."