आमच्या पेटीचा गंधार

चिकलठाण्यातल्या आमच्या गायन क्लासमध्ये सूर जमायला वर्षं लागतात. किस्से मात्र दर आठवड्याला जमतात. क्लासमधली वैशाली गायनाची परीक्षा पास झाली, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढचं मला निवांत सांगता येईल.

*

सर सांगायचे, तानपुरा नीट जुळला की त्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. मी वैतागून विचारलं, "चारपैकी एकही तार गंधाराची नाही. मग येणार कुठून?"

"गप बस जरा. तुला ऐकायची सवयच नाय."

तेवढ्यात वीज गेली, पंखा थांबला आणि गंधार ऐकू आला. मऊ, स्थिर, पेटीतल्यापेक्षा किंचित खाली.

सर म्हणाले, "सहा महिने मी सांगतोय. ऐकलंस ते वीजवाल्यांचं."

*

तेव्हापासून पेटीचा गंधार मला चढा वाटू लागला. पेटीचाच कशाला, मावशीच्या दारावरच्या डिंग-डाँग बेलमधला गंधारसुद्धा मी चारदा बेल वाजवून, कान लावून तपासला.

आतून मावशी म्हणाली, "घरात येणारेस, का दारातच रियाज?"

*

शेवटी क्लासची एकुलती एक पेटी छावणीत रशीदचाचांकडे दुरुस्तीला नेली. म्हटलं, "गंधार शुद्ध करून द्या."

"किसके लिए शुद्ध, मियाँ?"

मला घाई होती. "शुद्ध म्हणजे शुद्ध, चाचा."

त्यांनी रीडची पितळी जीभ घासून स्वर उतरवला. पांढरी एक ही माझी सा-ची पट्टी धरून मी गायलो. अगदी तानपुऱ्यातला गंधार!

*

वैशाली वैजापूरहून एसटीनं येते. गेल्या वर्षी ती नापास झाली होती; यंदाही झाली तर घरचे क्लास बंद करणार होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती गायला बसली आणि अडखळली. तिचा सा वेगळ्या पट्टीवर, पांढरी सहावर. मी उतरवलेला स्वर म्हणजे तिचा पंचम, आणि तो आता बेसूर.

चाचा लग्नाला नांदेडला गेलेले. दुसरी पेटी मिळेना.

सर एवढंच म्हणाले, "तुझ्यापुरतं लई छान झालं."

*

परीक्षेत साथीला मीच होतो. पंचम आला की बोट उचलायचो. दोन मिनिटांत परीक्षकांनी हात वर केला. "पेटी थांबवा. तुम्ही गा, नुसत्या तानपुऱ्यावर."

वैशालीनं डोळे मिटले आणि पंचम लावला. परीक्षकांचा पेन कागदावरच थांबला. वेळ संपली तरी त्यांनी तिला थांबवलं नाही.

नंतर त्यांनी विचारलं, "पेटीला झालंय काय?"

मी पेटीचं झाकण लावू लागलो.

वैशाली शांतपणे म्हणाली, "काय नाय, सर. दादांनी दुरुस्त करून आणलीय."