तारा उलट्या जोडल्या की

किस्से साठवावे लागत नाहीत. ज्या लॅबमध्ये काम कमी आणि मोठी माणसं जास्त, तिथं ते टेबलावरच्या धुळीसारखे आपोआप जमतात. आणि सोलापुरात धुळीला काही तोटा नाही!

आमच्या कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर संशोधन चालायचं. पावडर विरघळवायची, काचेवर ओतायची, वाळली की कांद्याच्या पापुद्र्यासारखी सोलायची. तिला जबर व्होल्टेज दिलं की ती किंचित दबते, तिच्यातून जाणारा प्रकाशही जरा बदलतो. हे 'किंचित' आणि 'जरा' मोजण्यात पीएच.डी. करणाऱ्या मैंदर्गीच्या बसवराजची उमेदीची वर्षं चालली होती. दुधनीची मुलगी ठरलेली, पण सासरे अडून बसलेले: "आदी डॉक्टर व्हा, मग अक्षता!"

बसूची अडचण एकच. त्याचे गाइड, म्हणजे आमचे विभागप्रमुख, म्हणजे सर.

*

फिल्म दबली की मीटरचा काटा उजवीकडे जायचा. व्होल्टेजच्या तारा उलट्या जोडल्या तरी उजवीकडेच! सरांना हे पटेना. "तारा उलट्या, तर परिणाम उलटा. तुझा प्रयोग चुकलाय."

"सर, व्होल्टेजच्या वर्गावर हाय ते. उणे गुणिले उणे अधिकच की."

"शाळेतलं गणित मला शिकवू नकोस!"

शाळेतलंच होतं. म्हणून तर सरांना येत नव्हतं. थीसिस मात्र तिथंच अडकला.

*

कॉलेजच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना. त्याच्या खडखडाटानं आमचा प्रकाशाचा ठिपका भिंतीवर नाचायचा. एकदा सर तणतणत मालकाकडे गेले, मी मागोमाग. मालक मल्लय्या, घरात तेलुगू, बाहेर मराठी.

"माग बंद ठेवा. आमचं फिल्मवर संशोधन चाललंय!"

मल्लय्यानं शांतपणे विचारलं, "सर, आमची चादर लोक पांघरतात. तुमची फिल्म कोण पांघरणार?"

सर परत आले आणि बसूवर ओरडले.

*

खंडेनवमीला सरांनी यंत्रांची पूजा केली. झेंडू, नारळ, हळद-कुंकू, सगळं साग्रसंगीत. दसरा झाल्यावर बघतो तर फिल्ममधून प्रकाश कमी येतोय, तोही लालसर! सर नाचायचेच बाकी राहिले. "नवा इफेक्ट!" लगेच पेपर लिहायला बसले.

बसूनं फिल्मवरून बोट फिरवलं आणि सरांपुढं धरलं. लालभडक!

सर म्हणाले, "पूजेचं असं पुसतात का रे?"

*

मी तिथं एम.एस्सी. करत होतो. माझ्या आलेखाचे ठिपके सरांच्या रेषेवर बसेनात, तेव्हा ते म्हणाले, "ठिपके सरकव." मी सरकवले नाहीत. मग पाठीवर हात ठेवून, प्रेमानं: "ऐकशील तर एक दिवस माझ्यासारखा होशील."

त्याच आठवड्यात मी नाव काढून घेतलं.

*

बसूच्या तोंडी परीक्षेला मात्र मुद्दाम गेलो. कसाबसा थीसिस गेला होता. सरांनी सही केली ती वाचून नव्हे, कंटाळून. मागच्या बाकावर दुधनीचे सासरे, धोतर-टोपीत, गुडघ्यांवर हात ठेवून. बाहेरगावचे परीक्षक म्हातारे, मितभाषी. त्यांनी एवढंच विचारलं, "तारा उलट्या केल्या तर?"

बसूनं सरांकडे बघितलं. सर छताकडे.

"काटा तिकडंच जातो, सर. उजवीकडं." बसूनं तारा बदलून दाखवलं. काटा उजवीकडे.

"थांब!" सर उठले. "तुला जोडताच येत नाहीत." त्यांनी स्वतः तारा उलटवल्या. काटा उजवीकडे. पुन्हा उलटवल्या. उजवीकडे. सासऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

मग सरांनी तो मीटरच उचलला, खालची बाजू वर करून टेबलावर उभा केला आणि बटण दाबलं. काटा डावीकडे गेला.

"बघा!" सर म्हणाले. "आला की नाही उलटा?"

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग बसूकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, सरांना खुर्ची द्या."