डाव्या हाताचा ठोका

बोलताना मांडीवर बोटं वाजवायची, चहा गार करून प्यायचा, दुकानात आधी डाव्या हातानं ड्रम चाचपायचा, अशा आमच्या बँडच्या ड्रमरच्या सवयी. स्टेज आणि स्टुडिओ दोन्हीकडे चालेल असं, परवडणारं इलेक्ट्रॉनिक ड्रम किट त्याला हवं होतं. पण त्याच्या डाव्या हाताचा अलगद ठोका स्वस्त किटला ऐकूच येत नसे.

"दादा, जोरात मारा की! ड्रम आहे, झोपलेलं बाळ नाही," दुकानदार वैतागला.

"जोरात कुणीही मारतं," तो तडकला.

अकरा दुकानं झाली. मीही कावलो. बारावं किट त्यानं न वाजवताच, चिडून मागवलं. काल ते जोडताना तो कोसळला आणि गेला.

आज वहिनीनं, त्याच्या बायकोनं, त्याची खोली उघडली. बाकी सगळं बसवलेलं होतं. डाव्या हातानं वाजवायचं पॅड अजून खोक्यातच होतं.